सिंधूताईंचा कोरा चौकोन

वाडीत अमरावती रोडच्या मागे गोडाऊनची रांग संपते तिथून आमची वस्ती सुरू होते, आणि दोन्हींच्या मधे दोनशे फुटांची भिंत आहे. इतकी वर्षं तिच्यावर खर्रा-तंबाखूच्या पिचकाऱ्या, कोचिंग क्लासच्या जाहिराती आणि 'येथे लघवी करू नये' एवढंच होतं. ते शेवटचं मीच लिहिलं होतं आणि त्याचा कोणावरही काडीचा परिणाम झाला नाही.

मी चंपत पेंटर. तीस वर्षं ट्रक रंगवले. आता ट्रकवाले छापील स्टिकर चिकटवतात, मग मला कोण विचारतो. असा मी माशा मारत बसलेलो असताना दामिनी मॅडम स्कूटीवरून आल्या. शहरातल्या कुठल्याशा संस्थेत आहेत. वस्तीतल्या साठ घरांनी आपापलं एक चिन्ह द्यायचं आणि ते भिंतीवर रंगवायचं, अशी त्यांची योजना. रंगवायला मी आणि संघपाल. संघपाल पलीकडच्या बौद्ध गल्लीतला, शाळेत चित्रकला शिकवतो, माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा आणि दुप्पट शहाणा.

"चिन्ह म्हणजे तुमच्या घराची ओळख, काका. अगदी तुमची स्वतःची," मॅडम म्हणाल्या.

"माह्या घरी मी एकटा अन् दाराले कुलूप. कुलूपच काढू का?"

मी चिडवत होतो. त्यांनी मान डोलावून वहीत लिहून घेतलं: चंपतराव, कुलूप. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की या बाईला काहीही दिलं तरी ती घेणार.

पहिल्या आठवड्यात नेहमीचंच आलं. मोर आले, बैल आले, संत्री आली. मोर तर इतके आले की भिंतीचं जंगल झालं असतं. संघपालच्या गल्लीतून पिंपळाचं पान आलं, पेन आलं, आणि त्याच्या मामाने शिलाईची टेप दिली. भिंतीला पांढऱ्याचे दोन हात मारून आम्ही दीड-दीड फुटाचे चौकोन आखले. मग एका संध्याकाळी जयवंता भाजीवाली वहीचा फाटका कागद घेऊन आली. कागदावर तीन रेघा, खाली एका बिंदूत मिळालेल्या.

"हे काय आहे वं?" मी विचारलं. विचारताना मला कळलं होतं.

"आमच्या म्हाताऱ्याचं. पिठात उमटलं होतं."

आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याचा जीव गेला त्या जागी परातीत पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वरून टोपली झाकतात. सकाळी चार जाणती माणसं टोपली उचलून पाहतात. पिठात चिमणीचा पाय दिसला तर तो पाखराच्या जन्माला गेला, नागमोडी रेघ दिसली तर सापाच्या. माणसाचं पाऊल दिसलं तर बाया डोळ्यांना पदर लावतात आणि म्हणतात, चांगलं झालं. जयवंताच्या नवऱ्याच्या पिठात पाखराचा पाय उमटला होता.

दामिनी मॅडमच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. त्यांनी त्या कागदाचे सात फोटो काढले. झालं, गोष्ट वस्तीभर पसरली आणि लोकांना आपले मोर फिके वाटायला लागले. कोणी बापाच्या पिठातली मुंगीची ओळ आणली, कोणी सासूचा मांजराचा पंजा. एका आठवड्यात एकतीस घरांनी चिन्ह बदललं. संघपाल म्हणाला, "काका, हे मेलेल्यांचं रजिस्टर होऊन राहिलं जी." तो पीठबीठ मानत नाही, पण ब्रश थांबवला नाही.

मी मात्र मानतो, आणि म्हणून तोंड मीच उघडायला हवं होतं. कारण त्या पिठाचा एक नियम आहे. चिन्ह पाहायचं आणि पीठ लगेच वाहत्या पाण्यात सोडायचं. ते ठेवायचं नाही, कुठे उतरवून घ्यायचं नाही. ज्याला जायचं आहे त्याच्या पावलाला धरून ठेवायचं नसतं, असं माझी आजी सांगायची. आणि मी ते बाहेरच्या भिंतीच्या पक्क्या रंगात काढत होतो, दहा वर्षं ऊन-पाऊस लागला तरी जाणार नाही असं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी गप्प बसलो, कारण पेपरात माझा फोटो आला होता, ब्रशसकट. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

सगळ्यात शेवटी सिंधूताई आल्या. माझ्या घरापासून चौथं घर त्यांचं. त्यांचा मुलगा अंकुश ट्रक चालवायचा. चार वर्षांपूर्वी तो रायपूरकडे माल घेऊन गेला. देवरीच्या पुढे एका ढाब्यावर ट्रक उभा सापडला. चावी लावलेली, डबा अर्धा खाल्लेला, चपला सीटखाली. अंकुश नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली आणि तिथेच राहिली. नातेवाईक दर दिवाळीला म्हणतात, आता त्याचं जे काय करायचं ते करून टाका. सिंधूताई त्यांना चहासुद्धा देत नाहीत. घरात त्या आणि सून मेघा. मेघा सव्वीस वर्षांची आहे, मिहानच्या कारखान्यांत पॅकिंगच्या कामाला बसने जाते, आणि अजून मंगळसूत्र घालते. दाराला रात्रीची कडी लावायची नाही, असा सिंधूताईंचा हुकूम आहे. रोज रात्री त्या अंकुशचं ताट वाढतात, टोपलीखाली झाकून ठेवतात, आणि सकाळी ती भाकर गाईला देतात.

"चंपतभाऊ, माह्या घराचा चौकोन कोरा ठेवा," त्या म्हणाल्या.

"कोरा?"

"हाव. काहीच काढू नका. माह्या घरी कोणाचं पीठ पसरलं नाही."

त्यांनी ते इतकं खणखणीत सांगितलं की मॅडमनी सुद्धा फोटो काढला नाही. मी त्यांचा चौकोन खालून दुसऱ्या ओळीत, छातीच्या उंचीवर ठेवला आणि त्यावर पांढऱ्याचा आणखी एक हात मारला.

रविवारी उद्घाटन होतं. त्याच्या आधीच्या सोमवारची गोष्ट. मला पाचला जाग येते, थंडी असो की काही असो. चहाचा पेला घेऊन मी भिंतीकडे गेलो. रात्रभर ट्रक चालतात, त्यांची धूळ भिंतीवर बसते, त्यात पौषाचं दव. कोऱ्या चौकोनात वरच्या बाजूला बटाट्याएवढा गोल डाग होता. मी ओल्या फडक्याने पुसला आणि विसरलो.

मंगळवारी तो गोल परत होता, आणि त्याच्या बाजूने खाली एक वाकडी पट्टी उतरली होती. बुधवारी पट्टी रुंद झाली. तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला. ती टाच होती, आणि टाचेखाली तळवा. पाऊल उलटं होतं, टाच वर आणि चवडा खाली, भिंतीवरून कोणी उतरत असल्यासारखं.

मी संघपालला बोलावलं. त्याने जवळून पाहिलं, बोट लावून पाहिलं, वास घेतला.

"धूळ आहे काका. ओल्या जागी चिकटते. खाली जुना प्लास्टर उंचसखल असन."

"मग रोज वाढून काहून राहिलं?"

मी पांढरा हात मारला. संध्याकाळी संघपालने स्वतः चौकोनावर प्लास्टिक लावलं आणि चारी बाजूंनी टेप ओढली. गुरुवारी पहाटे टेप जशीच्या तशी होती. प्लास्टिक काढलं, तर आत पूर्ण पाऊल होतं. डावं पाऊल. बोटं चार.

अंकुशच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी सायकलच्या चेनमध्ये गेली होती. आणि हे पाऊल मी आधी पाहिलेलं होतं. तो रायपूरला गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याचा ट्रक रंगवत होतो. मागच्या फळीला ताजा पांढरा लावून खाली वाळत ठेवली होती, आणि हा पठ्ठ्या अनवाणी तिच्यावरून गेला. चार बोटांचा ठसा उठला. मी त्याला शिव्या घातल्या. तो हसत म्हणाला, "राहू द्या ना काका, काय बिघडते!" मी राहू दिला नाही. त्याच्यासमोर त्यावर पांढरा फिरवला.

आणि आता पुन्हा तेच करत होतो. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज. पण सिंधूताईंनी हे पाहिलं तर त्यांचं काय होईल, एवढा एकच विचार डोक्यात होता. त्या बाईचं सगळं जगणं त्या कोऱ्या चौकोनावर उभं होतं. मी त्या पावलावर दोन हात मारले.

संघपालने प्लास्टिकच्या चारी कडा तपासून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "कोणीतरी खोडी करून राहिलं." मला ते पटावं अशी माझी फार इच्छा होती. टेपच्या आतली खोडी कशी करतात ते मी त्याला विचारलं नाही. अंकुशचा पाय इतका नेमका कोणाला आठवेल? घरातल्या माणसाला. मी मेघाला बसस्टॉपवर गाठलं.

"मेघा, खरं सांग वं. चौकोनात तू काही करतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डब्याची पिशवी छातीशी घट्ट धरली.

"तुम्हालेही दिसते म्हणजे," ती म्हणाली. "मले वाटलं तुम्हीच करून राहिले. फक्त मलेच दाखवाले."

"मी काहून करीन?"

"मग मी काहून करीन काका? त्याच्या चपला आहेत माह्याजवळ. पाय कुठून आणू?"

बस दिसायला लागली होती. ती खाली बघत भराभरा बोलली. "रोज रात्री वाटते तो यावा. अन् रोज सकाळी वाटते, कोणीतरी एकदाचं सांगावं, नाही येत. दोन्ही मलेच वाटते. आईले सांगू नका."

बस आली आणि ती चढली. मी घरी आलो, दाराला आतून कुलूप घातलं आणि दिवसभर बाहेर पडलो नाही. माझ्याच वस्तीत भरदिवसा मी घाबरून बसलो होतो, हे सांगायला आज मला काही वाटत नाही.

शुक्रवारी पाऊल आलं, मी पुसलं. शनिवारी आलं, अंगठ्याच्या रेषा दिसतील इतकं स्वच्छ, आणि मी त्यावर तीन हात मारले. दुपारी दामिनी मॅडम येऊन भिंत पाहून गेल्या. म्हणाल्या, "काका, कोरा चौकोनच सगळ्यात पांढरा शुभ्र दिसतो!" मी मनात म्हटलं, दिसणारच, बाई.

रविवारी मी साडेपाचला पोचलो. ब्रश आणि डबा घेऊनच. धुकं होतं. भिंतीपाशी दिवा दिसला.

कोऱ्या चौकोनाच्या वर खिळा ठोकून टोपली अडकवलेली होती, उपडी, चौकोन पूर्ण झाकेल अशी. खाली जमिनीवर पणती. तिच्या शेजारी पोत्यावर, शाल गुंडाळून, सिंधूताई बसल्या होत्या. मेघा मागे उभी होती.

माझ्या हातातल्या डब्याकडे बघून सिंधूताई म्हणाल्या, "आज नका करू पांढरं."

"तुम्हाले माहीत होतं?"

"तुम्ही पाचले उठता. मी चारले उठते. रोज पाहून घरी जात होती. मग तुम्ही येऊन पुसत होते." त्या थोड्या हसल्या. "तुमचं मन मोडावं नाही वाटलं."

मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. आठवडाभर मी ज्यांच्यापासून लपवत होतो त्या माझ्यापासून लपवत होत्या.

"पण झाकल्याशिवाय उमटलेलं खरं धरत नाही," त्या म्हणाल्या. "टोपली पाहिजे, दिवा पाहिजे, घरचं माणूस पाहिजे. चार वर्सं मी हे केलं नाही. मनात म्हटलं, रोज पुसू देण्यापरीस एकदा रीतीनं पाहून घेते. चार वाजल्यापासून बसली आहे. डोळ्याले डोळा लागू दिला नाही."

"ताटावरची टोपली आहे ही," मेघा हळूच म्हणाली. "घरी ताट उघडंच राहिलं."

एवढ्यात संघपाल शिडी घेऊन आला. आम्हाला पाहून त्याने शिडी आवाज न करता खाली ठेवली. सिंधूताईंनी पणतीला हात जोडले. मग उठल्या आणि मेघाला म्हणाल्या, "धर वं." दोघींनी मिळून टोपली उचलली.

चौकोन कोरा होता. धुळीचा कण नाही. मी काल मारलेले तीन हात, बस.

"काही नाही!" सिंधूताई ओरडल्या. "पाहा चंपतभाऊ, काही नाही! माहा लेक आहे!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले, त्या रडत होत्या, हसत होत्या. मेघाही रडत होती, पण ती चौकोनाकडे बघत नव्हती. तिचं तोंड पाहवत नव्हतं.

"काका," संघपाल म्हणाला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "पाय नका हलवू. कोणीच नका हलवू."

तो जमिनीकडे बघत होता. भिंतीच्या पायथ्याशी पिठासारखी बारीक धूळ असते. त्या धुळीत, अगदी भिंतीला टाच टेकवून, एक डावं पाऊल होतं. मग उजवं. मग डावं. ती पावलं सिंधूताईंच्या पोत्याला जेमतेम वीतभर अंतर ठेवून गेली होती. पणतीपाशी दोन्ही पावलं शेजारी-शेजारी होती, म्हणजे तिथे कोणी थांबलं होतं. मग पुढे वस्तीच्या गल्लीत. प्रत्येक डाव्या पावलाला चार बोटं.

सिंधूताईंनी पोत्याकडे पाहिलं, पावलांकडे पाहिलं. "माह्या बाजूनं गेला," त्या म्हणाल्या. मग त्या चालायला लागल्या, पावलांच्या कडेकडेने, एकही न मोडता. आम्ही त्यांच्या मागे. माझ्या घरावरून पुढे गेलो, मधली घरं गेली. पावलं सिंधूताईंच्या ओट्यावर चढली होती आणि उंबरठ्याशी संपली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. परत येणारी पावलं नव्हती.

"अंकुश," सिंधूताईंनी हाक मारली. शाळेतून आलेल्या पोराला मारतात तशी, साधी. आतून काही आलं नाही. त्या आत गेल्या, मागून मेघा. मी आणि संघपाल ओट्यावरच थांबलो. पुढचीच खोली स्वयंपाकाची आहे, सगळं दिसत होतं.

ताट चुलीच्या बाजूला पाटासमोर होतं. पाण्याचा पेला भरलेला. वांग्याची भाजी, ठेचा, ज्वारीच्या दोन भाकरी. वरच्या भाकरीचा एक तुकडा तोडलेला होता, माणूस तोडतो तसा, आणि भाजीत एका घासापुरती जागा झाली होती. बाकी सगळं जसंच्या तसं.

"मांजर असन," संघपाल पुटपुटला. तो हे आमच्यासाठी म्हणत होता.

"मांजर भाकर ओढून नेते रे बाबा," सिंधूताई आतून म्हणाल्या. "तोडून नाही खात."

त्या ताटासमोर बसल्या. भाकरीच्या तुटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. बाहेर रस्त्यावर ट्रक सुरू झाले होते. मला वाटलं आता त्या पुन्हा म्हणतील, माहा लेक आहे. माझाही जीव तेच ऐकायला आसुसला होता.

"जिता असता तर चार भाकरी मागितल्या असत्या," त्या म्हणाल्या. "एका घासानं त्याचं कधी होत होतं?"

मेघा भिंतीला टेकून खाली बसली. सिंधूताईंनी तिला जवळ ओढलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मेघा मोठ्याने रडली, चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिच्या रडण्याचा आवाज ऐकला. सिंधूताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं, आमच्या पलीकडे, गल्लीत.

"मेघा, उठ वं माय," त्या म्हणाल्या. "दार लाव. तो येऊन गेला."

मेघा उठली. तिने आमच्याकडे पाहून मान हलवली आणि दार ओढून घेतलं. आतल्या कडीचा आवाज आला. चार वर्षांत ती गंजून गेली होती, तिसऱ्या खेपेला लागली.